भोपळ्याचं परदेशी पोस्टिंग

गावात कुणी म्हातारं माणूस गेलं, की हवालदारनाना तिसऱ्या दिवशी त्या घरी हजर होतात. टोपी काढून बसतात, कोरा चहा घेतात, "लय वाईट झालं" म्हणतात आणि दुसऱ्याच वाक्याला विचारतात, "म्हातारीच्या घेवड्याचं बी कुटं ठिवलंय?" रडणारी सून रडायची थांबते. एका सुनेनं तर त्यांना सरळ उंबऱ्याबाहेर काढलं होतं. नाना पायरीवर बसून राहिले. शेवटी वैतागून तिनंच सासूचा राखेनं भरलेला बियांचा डबा आणून त्यांच्या पुढ्यात आदळला. नानांनी तिला सॅल्यूट ठोकला आणि डबा काखेत मारून चालते झाले.

माझं दहिवडीत बी-बियाण्याचं दुकान आहे. त्यामुळे हा माणूस माझ्या वाट्याला येणारच होता. रोज सकाळी येतात, बाकावर बसतात आणि माझ्या हायब्रिड बियाण्याच्या रंगीत पाकिटांकडे कीव आल्यासारखं बघतात. "दुकानदार, तुजं बी एकाच लढाईपुरतं गड्या. फिरून पेरलं की हात वर करतंय." हे गिऱ्हाइकासमोर. वर चहा माझाच. बायको विचारते, तुम्हाला दुसरं कुणी मित्र नाही का? खरं सांगायचं तर नाही.

नानांचं पूर्ण नाव धोंडीराम लोखंडे. फौजेत हवालदार होते. शेवटी शेवटी शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेले, तिथे एक कान गमावला आणि निवृत्त होऊन परतले. बाकीचे फौजी परतल्यावर ट्रॅक्टर घेतात, नाही तर सरपंचकीला उभे राहतात. नानांनी बियांची पलटण उभी केली. ओसरीवर चादर टाकून एकेक दाणा तपासतात. किडका दाणा म्हणजे 'मेडिकल अनफिट'. पोचट असला तर 'पळपुटा'. उरलेले ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, कोंब आले की तो वाण भरतीत पास. मग त्याचं परदेशी पोस्टिंग.

पुण्यातली एक संस्था आफ्रिकेतल्या गावांना एकत्र मिळून पिकवायच्या परसबागांसाठी भाज्यांचं बी पाठवते. नानांचं पार्सल दर वर्षी माझ्या दुकानातून तिकडे जातं. कुठलं बी कुठे द्यायचं ते खरं तर संस्थेनं ठरवायचं. पण नाना गाव सांगून मोकळे होतात, आणि दर वर्षी तेच गाव. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे संस्थेतल्या बाईंशी बोलायचं आणि ते नानांच्या कानात ओरडायचं काम माझ्याकडे.

पहिलं पार्सल तर गाजलंच. आमच्या माणदेशात बी किडू नये म्हणून राखेत ठेवतात आणि भोपळ्याचं बी शेणात कालवून भिंतीला थापतात. नानांनी आहे तसंच पाठवून दिलं. बाईंचा फोन आला, आवाज अगदी हळवा. "तुमच्याकडून चुकून कुणाच्या अस्थी आल्यात का हो आमच्याकडे?" मी नानांच्या चांगल्या कानात सांगितलं. नाना शांतपणे म्हणाले, "माज्या आजून तयार न्हाईत म्हनावं." तेव्हापासून बी धुऊन, वाळवून जातं.

यंदा पाऊस फिरकलाच नाही. गाव टँकरवर. अशात परदेशाला बी धाडणाऱ्या माणसाला लोक काय सोडतात? पारावर सगळ्यांना एकच म्हण आठवायची, 'घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा'. नानांचा एक कान गेला होता, दुसरा ते द्यायचे नाहीत. घेवडा वाळला, दोडका वाळला. भोपळ्याचा एक वेल तेवढा तगला, त्याला एकच भोपळा. त्याच्यासाठी नाना वेलाच्या आळ्यात बसून अंघोळ करायचे. नानांच्या बायको, कमलकाकू, माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावायच्या. "आवं, सणाला त्याची भाजी करती म्हनलं, तर मला कोर्ट मार्शलची धमकी देत्यात. लेकरू न्हाई, बाळ न्हाई, आता ह्यो भोपळाच वारस."

भोपळा पिकला. नाना तो दुकानात घेऊन आले, काउंटरवर कापला, बी काढून घेतलं आणि गर काकूंकडे पाठवला. बी धुऊन वाळलं, पुडी बांधायची वेळ आली, तेवढ्यात बाईंचा फोन.

ते गाव आता राहिलं नव्हतं. पुन्हा मारामाऱ्या झाल्या, घरं जाळली, वाचलेले लोक पांगले. यंदाचं बी दुसऱ्या एखाद्या गावाला देऊ का, असं बाई विचारत होत्या.

मी नानांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो. असली बातमी ओरडून सांगायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"कुनीच न्हाई?" नानांनी विचारलं.

"कुणीच नाही. दुसऱ्या गावाला देऊ म्हणतात. द्या की. सगळीकडे भूक सारखीच."

नानांनी पाकिटांच्या रांगेकडे बघितलं. मग त्यांनी कधी नव्हे ते सांगायला सुरुवात केली.

"तितं आमच्या कँपाच्या तारंला त्या गावची एक बाई यायची. आमी आत भाजी लावलीवती. तिला मराठी येत न्हवतं, मला तिचं येत न्हवतं. पन भोपळा बगून हसायची. मी कमळीनं दिल्यालं बी तारंतनं तिच्या हातावर ठिवलं. पहिलं फळ तिनं मला आनून दिलं. मग बाकीच्या बाया बी लावाय लागल्या. आमी हाय म्हनून त्या बिनघोर हुत्या. आन एक दिस हुकूम आला, कँप हलवा. गाड्या भरल्या. त्या बाया तारंला धरून हुब्या. ही बी. तिनं हात पुडं केला. मला वाटलं बी मागतिया. माजा हात धराय बगत हुती ती. मी गाडीत चडलो. हुकूम हुता, काय करनार?" त्यांनी काउंटरवरचं एक बी उचललं. "बी जातंय तवर वाटायचं, घेनारं हाय कुनीतरी तितं."

गिऱ्हाईक आलं होतं, त्याला मी उद्या ये म्हटलं.

"नाव काय तिचं? बाईंना शोधायला सांगू," मी म्हणालो.

"नाव कुटं म्हाईत हाय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, फक्त नाक ओढलं. "बाईस्नी इचार, ती मानसं कुटं कुटं गेल्यात."

मी फोन लावून विचारलं. बाई निर्वासितांच्या एकेका छावणीचं नाव सांगत गेल्या आणि ते संपेचना. नाना म्हणाले, "मंग समद्या छावण्यांस्नी वाटून धाड."

आम्ही काउंटरवर पुड्या बांधायला बसलो. एका भोपळ्याचं बी ते किती असणार, त्यात दुष्काळातलं म्हणून बहुतेक 'पळपुटं' निघालेलं! पुडीत दोन दाणे पडत होते, कुठे एकच.

"आवं नाना, एवढ्यात कसली बाग व्हायची?"

"बाग न्हाई रं," पुडीची घडी नखानं दाबत नाना म्हणाले. "ती जितं आसंल तितं ह्ये गेलं पायजे. तिला एक दाना बास हाय."