सात मिनिटांचा शनिवार

"पाच तासांचं काम सात मिनिटांत करून दाखवतो! नाही केलं, तर मी विज्ञान शिकवायचो असं पुन्हा कुणाला सांगणार नाही!"

मास्तरांनी ही घोषणा शनिवारी दुपारी भर जिन्यात उभं राहून केली, त्यामुळे ती चारही मजल्यांना ऐकू गेली. ऐकवायची होती मात्र एकालाच, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तोंड उघडण्याआधी "अंऽऽऽ" असा लांब सूर लावायची त्यांना सवय होती, म्हणून सगळे त्यांना डायलटोन म्हणत. आयुष्यभर तारा ओढलेला माणूस! तारांच्या बाबतीत ते कुणाचं ऐकून घेत नसत.

"अंऽऽऽ... मास्तर, तार ती तार. सात मिनिटांत ती फक्त जळते."

"या तर खरे बघायला!"

आता हे पाच तासांचं काम कसलं, ते सांगतो. मास्तरांची लेक माहितीपट बनवणाऱ्या एका संस्थेत संकलनाचं काम करायची. आठवड्याच्या चित्रीकरणाची एक प्रत ऑफिसबाहेर, दुसऱ्या घरी ठेवायची असा तिथला नियम. ते दुसरं घर म्हणजे मास्तरांचं. दर शनिवारी ती आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन यायची आणि लॅपटॉपला पिवळी नेटवर्कची केबल लावायची. ती केबल भिंतीवरच्या एका म्हाताऱ्या डब्यातून वळसा घालून मास्तरांच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायची. तिच्यातून चित्रीकरण असं सरकायचं, की गोगलगायीने मागे वळून "येतेस ना गं?" विचारावं!

पडद्यावरची निळी पट्टी दहा टक्के झाली, की लेक ऑफिसच्या तक्रारी सुरू करायची. तीसला ती सोफ्यावर मांडी घालून बसायची. चाळीसला आडवी. आणि मग अशी गाढ झोपायची, तोंड उघडं टाकून, जशी आठव्या वर्षी झोपायची तशी. तेव्हा मास्तर वर्तमानपत्राचं पानसुद्धा उलटत नसत. एकच पान दोन तास वाचत. सत्तरच्या पुढे ती उठायची, चहाचा कप दोन्ही हातांत धरायची आणि न विचारता काहीतरी मनातलं बोलायची. शंभर झाले, की निघायची. कारण त्या घराचा एक नियम होता, आणि तो मास्तरांनीच तिच्याकडून लहानपणी घोकून घेतला होता: "काम संपलं की उठायचं! रिकामं बसायचं नाही!"

मास्तरांचं गणित सरळ होतं. पोरगी पाच तास त्या पट्टीला बांधलेली असते. काम सात मिनिटांत उरकलं, तर उरलेले चार तास त्रेपन्न मिनिटं ती मोकळी! नुसत्या गप्पा! गणितात चूक नव्हती. चूक दुसरीकडेच होती.

"आजोबा, ही केबल इतकी जाड का?" मास्तरांनी त्यासाठी आणलेली नवी केबल हातात धरून नातीने विचारलं. ती कशालाही तपासल्याशिवाय सोडत नसे, म्हणून मास्तर तिला इन्स्पेक्टर म्हणत. नोकरीत असताना शाळा तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरांना ते जितके घाबरले, तितकेच या इन्स्पेक्टरला भुलले होते.

"छान प्रश्न! हे बघ, शेजारच्या घरी डबा द्यायचाय. रस्त्यावरून, कोपऱ्याला वळसा घालून जायचं की मधल्या भिंतीतच दार पाडायचं?"

"दार!"

"ही केबल म्हणजे ते दार. एरवी हिनं बाहेरची डिस्क जोडतात. पण दोन कॉम्प्युटर थेट जोडले, की ते एकमेकांना ओळखतात आणि आपसात नेटवर्क करतात. टोकावर विजेची खूण दिसली? ती खूण असली, तरच पळणारी."

केबल पळणारी होती खरी, पण होती अवघी अर्धा मीटर! मास्तरांचा कॉम्प्युटर टेबलाखाली कोपऱ्यात. त्याला ओढायचं, तर टेबल हलवायचं, टेबल हलवायचं, तर कपाट सरकवायचं! डायलटोन कपाटाला खांदा लावून म्हणाले, "अंऽऽऽ... आम्ही गावंच्या गावं जोडली, पण घर कधी हलवलं नाही!" शेवटी लॅपटॉप स्टुलावर, स्टूल शब्दकोशाच्या चार खंडांवर आणि लेक स्टुलापुढे उकिडवी, अशी मांडणी जमली. मास्तरांनी केबल खोचली.

पट्टी धावली! वीस! पन्नास! नव्वद! टिंग!

"झालंसुद्धा?" लेक म्हणाली. तिच्या खांद्यावरची पिशवी अजून उतरली नव्हती. स्वयंपाकघरात चहाला उकळीही आली नव्हती.

"सात मिनिटं!" इन्स्पेक्टर ओरडली. डायलटोननी चक्क टाळ्या वाजवल्या. मास्तर छाती काढून उभे राहिले.

"कमाल केलीत हं, बाबा," लेक म्हणाली. तिने घड्याळाकडे बघितलं, मग सोफ्याकडे बघितलं. "चला, मग निघते."

"अगं... चहा?"

"काम झालं ना, बाबा."

ती दारात उगाचच थोडी थांबली. मास्तरांनी "बस की" म्हणायला तोंड उघडलं. पण जो नियम पोरीकडून जन्मभर घोकून घेतला, तोच आता मधे आडवा पडला होता. दार लागलं. टेबल खोलीच्या मधोमध तसंच राहिलं. मास्तरांनी एकट्याने दोन कप चहा प्यायला.

पुढच्या शनिवारी सहाच मिनिटं लागली.

तिसऱ्या शनिवारी मास्तरांनी आयुष्यातलं पहिलं पाप केलं. जाड केबल कपाटात परत लावलेल्या शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडामागे दडवली आणि तिच्या जागी मोबाइल चार्ज करायची केबल ठेवली. तोंड हुबेहूब तसंच, पोटात मात्र तारा जेमतेम. काही माणसं नसतात का तशी!

लेकीने केबल जोडली. दोन्ही कॉम्प्युटर भांडलेल्या जावांसारखे ढिम्म बसून राहिले.

"अरेरे! बिघडली वाटतं!" मास्तर म्हणाले. "लाव बाई, ती पिवळीच लाव."

"हो ना, काय करणार!" लेक म्हणाली आणि जरा घाईनेच पिवळी केबल शोधायला लागली.

"थांबा!" इन्स्पेक्टरने वही उघडली. "आजोबा, तुम्हीच सांगता ना, आधी कारण शोधायचं? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची? कशामुळे बिघडली असेल?"

"हवा... हवा दमट आहे आज."

"दमट हवेचा केबलवर परिणाम होतो?"

छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "शिवाय... दोन शनिवार पळालीय. दमली असेल!"

इन्स्पेक्टरने शांतपणे लिहून घेतलं: 'आजोबांचं मत. केबल दमली.'

एवढ्यात डायलटोन आले. "अंऽऽऽ... नवी केबल बिघडलीच कशी? दुकानदाराला आत्ता बोलावतो! फोन कुठाय?"

"नको!" मास्तर आणि लेक एकदम ओरडले. दोघांनी चमकून एकमेकांकडे बघितलं.

इन्स्पेक्टरचे प्रयोग चालूच होते. केबल उलटी लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग तिने केबलचं टोक डोळ्यापाशी धरलं. "आजोबा, विजेची खूण कुठे गेली?"

मास्तरांनी शब्दकोशाचा तिसरा खंड हळूच आत ढकलला.

"दुसरी केबल लावून बघते. आईच्या पिशवीत आहे."

"ए, पिशवीत हात घालू नकोस!" लेक धावली, पण उशीर झाला होता. नातीच्या हातात एक छोटी जाड केबल होती, टोकाला विजेची खूण, आणि केबलला जोडलेली काडेपेटीएवढी डिस्क. तिने ती आजोबांच्या कॉम्प्युटरला लावलीसुद्धा.

"आई! या आठवड्याचं सगळं चित्रीकरण हिच्यातच आहे की! काल संध्याकाळी भरलंयस! आणि मागच्या आठवड्याचं... त्याच्या मागच्या... वर्षभराचं आहे! या आठवड्याचं आजोबांकडे घालू? सहा मिनिटं दाखवतंय!"

लेकीने झडप घालून रद्दचं बटण दाबलं.

भिंतीवरचा म्हातारा डबा तेवढा हिरवे दिवे लुकलुकवत होता.

"ती... राखीव असते," लेक पुटपुटली.

"राखीव हवीच," मास्तर म्हणाले. मग ते उठले आणि तिसऱ्या खंडामागून जाड केबल काढून टेबलावर ठेवली. "हीसुद्धा... राखीव होती."

लेकीने केबलकडे बघितलं. तिचे ओठ हसायला लागले, डोळे मात्र वेगळंच काहीतरी करत होते.

"म्हणजे आजोबांकडे जोरात पळणारी केबल आहे, आईकडे जोरात पळणारी डिस्क आहे," इन्स्पेक्टर बोटं मोजत म्हणाली, "मग आपण इतके दिवस पाच-पाच तास—"

"तू गप्प बस!" दोघं एकदम म्हणाले.

मुलाचा प्रश्न अर्ध्यावर तोडायची मास्तरांची ही पहिलीच वेळ. त्यांची मान खाली गेली. नातीला जवळ घेऊन ते म्हणाले, "चुकलो. प्रश्न बरोबर होता. उत्तर आम्हाला यायला वेळ लागतोय."

"अंऽऽऽ..." डायलटोननी बराच वेळ सूर धरून ठेवला. "आमच्या वेळी परगावचा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा. माणसं पावणेतीन मिनिटं हवापाण्याचं बोलत, आणि खरं काय ते शेवटच्या पंधरा सेकंदांत. एक्सचेंजवर ड्यूटी असली, की तो तोडताना हात जड व्हायचा." त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. "मास्तर, त्या डब्यातली तारांची एक जोडी जरा सैल करू? पाचाचे सहा तास सहज होतील. माझी जबाबदारी!"

लेकीने पिवळी केबल लावली, पिशवी खुंटीला अडकवली आणि सोफ्यावर जाऊन मांडी घातली. मास्तर चहा टाकायला गेले.

ते कप घेऊन बाहेर आले, तेव्हा डायलटोन स्क्रू ड्रायव्हर हातात धरून चोरासारखे उभे होते. पडद्यावर लिहिलं होतं: 'उरलेला वेळ: अकरा दिवस.'

"अंऽऽऽ... जरा जास्तच सैल झाली वाटतं. घट्ट करू?"

"श्शू!" मास्तरांनी कप अलगद खाली ठेवले आणि सोफ्याकडे बोट दाखवलं. "हळू बोला. झोपलीय ती."