चंद्रभागाबाईंनी खुरपे म्यान केले त्याची हकीकत

शाळेच्या लेकरांनी पुसिले, जे, नांदूरघाटच्या शिवारी खाडीकाठची झाडे कैसी उगवली. त्यांचे समाधानार्थ ही हकीकत यथामति लिहिली, ती येणेप्रमाणे.

समुद्र या मुलखी कोणी पाहिला नाही. परंतु सहकारी पाणीवाटप संस्थेचे सभापती, ठरावधुरंधर, हारतुरेमंडित बबनराव यांची कर्तबगारी ऐसी, की त्यांनी दुष्काळी मुलखात उसास पाणी पाजिले, आणि मग आणिक पाजिले, आणि मग ते पाझरून तळ्याखालील गायरानात जमिनीतले मीठ वर आले, आणि गवत जाऊन रान पांढरेफटक जाहले. समुद्राविना समुद्रकाठ वसविणे सहकारासच साधते.

या गायरानावर चंद्रभागाबाईंच्या शेळ्यांची मदार. बाई खुरपणीत अजिंक्य. त्यांचा हात फिरलेल्या वावरात शोधूनही काडी गावत नसे. परंतु चारा न मिळे तर शेळ्या विकून दिवाळीनंतर मुकादमाच्या ट्रकात बसणे आणि ऊसतोडीस कूच करणे प्राप्त, हे शल्य त्यांचे जिवी होते.

मग खारट जमिनीचे अभ्यासक राधाकिशन कोकणच्या खाडीकाठाहून मोरस, लोणा ऐसे मीठ सोसणारे वाण घेऊन दाखल जाहले, आणि गावची हरळी, घोळ त्यांत मिळवून शेळ्यांचे चाऱ्यासाठी निम्मे रान पेरिले, आणि बबनरावांनी फर्मान सोडिले, जे, पिकाची निगा चंद्रभागाबाईंनी खुरपणाऱ्या बायांच्या फौजेनिशी राखावी. बाईंनी राखिली. ओळीत आलेली मोरस तेवढी ठेवून बाकी सर्व गनीम मुळासकट कापून काढिला, आणि रान ताटासारखे लख्ख जाहले.

राधाकिशनांनी उपटलेल्या ढिगातून एक रोप उचलून दाखविले. "बाई, जे उपटलं तेच पेरलं होतं!"

"मंग आदी सांगायचं न्हाई का, लेकरा? तण दिसलं की हात ऱ्हातोय व्हय?"

बबनरावांनी स्वच्छतेबद्दल बाईंच्या अभिनंदनाचा ठराव तात्काळ मंजूर केला.

मग उरलेले बी दुसऱ्या निम्म्यात पडिले, आणि काहीही न करण्याची बिकट मोहीम बाईंवर सोपविली. रान उगवले आणि माजले, आणि बाई बांधावर बसून दात खात होत्या. तो जाऊबाई दगडाबाई चाल करून आल्या.

"आक्का, हे रान हाय का आळशाचं डोस्कं? तुमच्या हातचं हे? लई शोभलं!"

घाव वर्मी बसला. खुरपे कमरेहून निघाले, आणि बाई लोणा गवतावर वाकल्या, आणि मागून शेळी ओरडली. मग बाईंनी खुरपे जावेच्या हाती दिले.

"घिऊन जा बाई, अन् मागितलं तरी दिऊ नको. माझ्यापाशी ऱ्हायलं तर घात हाय."

ऐसा हत्यारबंदीचा तह जाहला. मग उत्तरा नक्षत्राचा पाऊस पडिला, आणि नाना जातींचा पाला दाटला, आणि शेळ्यांनी मुलूख सर केला. बबनरावांनी हा पराक्रम इतिवृत्तात स्वतःचे नावे लिहविला. शेळ्यांनी हरकत घेतली नाही.

दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक भोंगा वाजवीत चंद्रभागाबाईंच्या दारी थांबला. दारास कडी होती, आणि बाई गायरानात होत्या. ट्रक मांजरसुंब्याच्या वाटेस लागला. फत्ते जाहली.