सावली अलग, धूर अलग

रफीकभाईंना एका चहाला दोन पेले लागत. एकात दूध, दुसऱ्यात साखर घातलेला कोरा चहा. आधी याचा घोट, मग त्याचा. नेरच्या बसस्टँडसमोरचा चहावाला वैतागून म्हणायचा, "भाई, पोटात जाऊन मिक्सच होते ना!"

"तिथलं तिथं पाहू," रफीकभाई शांतपणे म्हणत. "वर तरी अलग ठेवा."

पंगतीत वाढपी वरण घेऊन आला की भात वाचवायला यांचे दोन्ही हात पानावर आडवे.

बाजारगल्लीत त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग, पासपोर्टचे फोटो, आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर कार्टून. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीनं वाट लावलेली, लग्नंसुद्धा आखडती झालेली. फवारणीचं विष अंगात जाऊन माणसं दवाखान्यात भरती होत होती. तेव्हा 'सांभाळून फवारा' असं सांगणारी कार्टून फिल्म करायचं काम कृषी खात्याकडून रफीकभाईंना मिळालं. मी शाळेत मराठी शिकवते. फिल्ममधला आवाज माझा. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

कार्टूनचं एकेक चित्र कॉम्प्युटर रेंगाळत तयार करतो. रफीकभाई ते अख्खं कधीच ठेवत नसत. रंग वेगळे, सावली वेगळी, फवाऱ्याचा धूर वेगळा, पाठीवरचा पंप वेगळा, तोंडावरचा मास्कसुद्धा वेगळा. मग पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे हे थर जुळवायचे.

"कशाला एवढा कुटाणा?" मी विचारलं.

"उद्या सायेब म्हनन, धूर कमी करा. मंग अख्खी फिल्म पुन्हा शिजवू काय, ताई? इथं लाइट टिकून नाई राह्यली!"

सुरुवातीला हे थर ते हातानंच सेव्ह करत. एकदा कुठलीशी टिचकी मारायची राहिली, आणि नेमके त्याच दिवशी खात्याचे साहेब फिल्म बघायला आले. पडद्यावर हिरवंगार कपाशीचं शेत, आणि त्यातून एक सावली एकटीच फवारणी करत चाललेली.

"माणूस कुठे आहे?"

"सुट्टीवर हाय, सायेब."

साहेब हसले नाहीत.

मग रफीकभाई कितीतरी दिवस कॉम्प्युटरसमोर पुटपुटत बसले आणि त्यांनी त्याला नवी शिकवण दिली. चित्र तयार झालं की प्रत्येक थर आपोआप आपापल्या फोल्डरात जाऊन बसू लागला. "पाहा, हात लावून नाई राह्यलो मी!" दोन्ही हात वर करून ते येईल त्याला दाखवत. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी मोठ्या प्रेमानं विचारलं, "बाबाजी, तुमची सावली अलग सेव्ह करू काय?" म्हातारा फोटो न काढताच निघून गेला.

साहेब पुन्हा आले. धूर फार काळा वाटला त्यांना. चहा संपायच्या आत रफीकभाईंनी तो पांढरट करून दाखवला. साहेब खूश. "आणि हा माणूस चालता चालता सारखा मागे काय बघतो? तेवढं काढून टाका."

"ते नाई होत, सायेब."

"अहो, सगळे थर वेगळे आहेत ना?"

"चाल अलग नाई होत," रफीकभाई म्हणाले आणि उठून बाहेर गेले. मागे बघणं तसंच राहिलं.

फिल्म गावोगाव, तांड्यातांड्यांवर दाखवली गेली. एका दुपारी जमनाबाई नावाच्या तांड्यावरच्या बाई स्टुडिओत आल्या. दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, तो फवारनारा माहा मालक हाय ना? देविदास राठोड?"

रफीकभाईंनी मान खाली घातली.

"असेच मागं पाहत चालत. मी हाक मारली का काय म्हनून. तोंडावर ते फडकं होतं, म्हनून चेहरा नाई दिसला. तो पाह्याले आली."

रफीकभाईंनी स्क्रीनवर फिल्म लावून धूर घालवला. मग पंप काढला. मग मास्क. स्वच्छ शेतातून एक रुंद चेहऱ्याचा माणूस चालत आला आणि त्यानं वळून मागे पाहिलं.

जमनाबाई पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाक नाई जमलं, भाऊ. त्याहीचं मोठं होतं."

"हौ, वहिनी. मले बी वाटतच होतं."

दोघंही हसली. डोळे पुसत हसली.

त्या गेल्यावर मी विचारलं, "देविदास तुमचे कोण?"

"कोनी नाई, ताई. बाजाराच्या दिवशी इथं पिशवी ठेवाले यायचा. मंग बसायचा दिवसभर. मी काम करून राह्यलो का निसता पाहत राहे. त्या फवारनीत गेला." ते स्क्रीनकडे तोंड करून बोलत होते. "आता बाजाराच्या दिवशी दुकानात बसवत नाई."

पुढच्या बाजाराला मी दुसऱ्या एका फिल्मचा आवाज भरायला गेले होते. दारात जमनाबाई उभ्या राहिल्या. "भाऊ, पिशवी ठेवू काय?"

रफीकभाईंनी घाईघाईनं खुर्चीवरच्या वायरी, डबे, कॅमेऱ्याची बॅग, सगळं एकदम छातीशी कवटाळून उचललं आणि म्हणाले, "आधी बसा, वहिनी."