पसरण्यास उत्सुक रंग

द्रव पदार्थ दोन प्रकारचे असतात: साधे आणि स्वभाव असलेले. पाणी साधं. काचेवर सांडलं की वाटेल तिकडे जातं, कुणाची परवानगी घेत नाही. म्हणून कोणतीही जबाबदार संस्था पाण्याला फारशी किंमत देत नाही. रंग, सॉस, टूथपेस्ट, शाम्पू ही मंडळी निराळी. त्यांचा थेंब आधी थोडा पसरतो, मग एकाएकी थांबतो आणि इवलीशी टेकडी करून बसतो. पुरेसा धक्का बसला तरच पातळ होऊन पुढे सरकतो. धक्का थांबला की पुन्हा घट्ट. (हे वर्णन थेंबाचं आहे. कार्यालयातील कुणीही ते अंगावर ओढून घेऊ नये, असं परिपत्रक निघालेलं आहे.)

अशा थेंबांवर नजर ठेवायला एका रंगाच्या कारखान्याने एक खोली, एक दगडी ओटा आणि एक बाई नेमली होती. सगळे तिला थेंबताई म्हणत. काचेवर रंगाचा एक थेंब सोडायचा, बाजूने कॅमेरा लावायचा आणि तो किती पसरतो ते मोजायचं, हे तिचं काम. ओटा दगडी अशासाठी, की कुणी शिंकलं तरी थेंबाला कळू नये.

"दिवसभर करतेस काय?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"थेंबाकडे बघते."

"आणि थेंब?"

"तो काही करत नाही. म्हणून तर बघावं लागतं."

नवऱ्याला हे काम फार आवडलं. आपल्यासाठी एखादी जागा निघते का, तेही त्याने विचारायला सांगितलं.

जागा तर तिचीच अजून पक्की नव्हती. इतकी वर्षं ती तात्पुरतीच होती. आता नवा रंग बाजारात यायचा होता: ब्रशाचा एकच हात मारा, रंग आपोआप पसरेल, भिंत आरशासारखी होईल. जाहिराती लागून गेल्या होत्या. राहिला होता तो फक्त थेंबताईचा अहवाल. तो झाला की तिला कायम करणार, असं तिच्या प्रमुखांनी सांगितलं होतं. नाही झाला तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. माणूस मुळात सज्जन.

थेंब मात्र पसरेना. तिने काच बदलली, थेंब बदलला, चष्मासुद्धा पुसून पाहिला. थेंब आपला ढिम्म. म्हणजे भिंतीवर ब्रशाचे ओरखडे जसेच्या तसे राहणार. शेवटी तिने लिहिलं: हा रंग पसरत नाही. प्रमुख ते वाचून मटकन खाली बसले. इतकं उघडंवाघडं वाक्य कारखान्यात आजवर कुणी लिहिलं नव्हतं. तातडीने बैठक बोलावण्यात आली.

त्या कारखान्यात विचार करायची पद्धत ठरलेली होती. विक्रीप्रमुख टेबलावर तळहात आपटून विचार करत, हिशेबप्रमुख बोटांच्या पेरांनी, आणि मोठे साहेब थेट मुठीने. टेबल बिचारं हलकं, पायात डुगडुगणारं. थेंबताईने पुराव्यादाखल थेंब ठेवलेली काच त्यावर ठेवली आणि तिथेच चूक झाली.

"पसरत नाही," साहेबांनी मूठ आपटली, "म्हणजे काय?" पुन्हा मूठ. "मग पगार," पुन्हा मूठ, "कशाचा घेता?"

दर मुठीला थेंब जरासा पुढे सरकत होता.

"साहेब, पसरला!" विक्रीप्रमुख ओरडले. सगळ्यांनी आनंदाने टेबल बडवलं. थेंब पार काचेच्या कडेला गेला.

"साहेब, टेबल हलतंय म्हणून पसरतोय," थेंबताई म्हणाली. "भिंत हलत नाही."

साहेबांनी छताकडे पाहिलं.

"मग भिंत हलवा," ते म्हणाले.

डब्यावर छापायची सूचना त्याच बैठकीत तयार झाली: 'रंग लावल्यावर भिंतीवर पलीकडच्या बाजूने मुठीने ठोकावे.' अहवालातलं वाक्यही किंचित सुधारण्यात आलं: हा रंग पसरण्यास उत्सुक असून योग्य प्रोत्साहनाची वाट पाहतो. आणि पेन थेंबताईच्या हातात देण्यात आलं. तिला तिची खोली आठवली, दिव्याच्या उजेडात चमकणारे थेंब आठवले. तिला ते खरंच आवडायचे. ते आता दुसरं कुणीतरी बघणार, हे काही तिला सोसेना. तिने सही केली. लाज वाटली. कायम झाल्याचा आनंदही झाला, आणि खोटं कशाला सांगा, आनंद थोडा जास्तच होता.

रंग तुफान खपला. गल्लोगल्ली लोक भिंती ठोकू लागले. कुठे रंग खाली ओघळला, तर त्याला 'उभी नक्षी' म्हणण्यात आलं. पाहणी झाली, ठोकणारे जवळजवळ सगळेच समाधानी निघाले. (असमाधानी लोक भिंतीच्या पलीकडे राहत होते. ते ग्राहक नसल्यामुळे मोजले नाहीत.)

थेंबताईने मात्र मनाशी एक ठरवलं होतं. एक तक्रार येऊ दे, फक्त एक. तिच्या जोरावर साहेबांसमोर उभं राहायचं आणि खरं काय ते सांगून टाकायचं, मग नोकरी राहो की जावो. रोज सकाळी ती तक्रार विभागात जाऊन विचारायची.

पत्रं ढिगाने यायची. 'किती जोरात ठोकावे?' 'डाव्या हाताने चालेल का?' 'आमचे ठोकणे बहुधा कमी पडले, क्षमस्व. आणखी दोन डबे पाठवावेत.' तक्रार एकही नाही.

तुमच्याही घरी कपाटामागे ओरखडे राहिलेली एक भिंत आहे. कपाट तिथे कुणी सरकवलं, ते आम्हाला माहीत आहे. सरकवण्याआधी तुम्ही डब्यावरची सूचना पुन्हा एकदा वाचलीत, सुजलेली मूठ चोळलीत आणि घरच्यांना म्हणालात, "आपलंच काहीतरी चुकलं असेल."