ओवाळणीची नळी

"दुधाला डोळे असतात का?" खंडोजी भालदारांनी ताटावर बसता बसता बायकोला विचारलं.

"कुणाच्या दुधाला?" राजाबाई भाकरी थापत म्हणाल्या.

"कुणाच्याही! नळीतून वाहणाऱ्या दुधाला! नळी आतून गोरी आहे का काळी, ते दूध बघणार आहे का? पण त्या नारायणरावाला बघायचंय ना! मी जोड लावतो, तो करवतीनं नळी उभी चिरतो, आत डोळा घालतो आणि म्हणतो, 'खंडोजीराव, पुन्हा.' अगं, पंचवीस वर्षं झाळकाम केलं मी या देवासात. कुणाच्या बापानं सायकलची फ्रेम चिरून आत नाही बघितलं!"

"मग लावा की आतूनही नीट," राजाबाई म्हणाल्या आणि तव्याकडे वळल्या. बायकोनं असल्या वेळी नवऱ्याची बाजू घ्यायची असते, पण राजाबाईंना हे कुणी शिकवलंच नव्हतं.

पंचवीस वर्षांची गोष्ट खरी होती. भालदारांच्या तीन पिढ्यांनी देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या दरबारात भाले धरले. खंडोजींनी राज्य असतानाच भाला सोडून सायकल धरली. मोडकी फ्रेम असो की गळका बंब, खंडोजींची पितळेची झाळ एकदा बसली की वस्तू मोडेल पण जोड मोडणार नाही, असं टेकडीखालचा सगळा गाव म्हणायचा. पण यंदा दुकानाची जागा मालकानं विकून टाकली आणि पंचेचाळिशीत खंडोजी रस्त्यावर आले. आता त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, गावाबाहेर उभा राहत असलेला दुधाचा कारखाना. आणि दुसरी, मेहुणा.

मेहुणा म्हणजे राजाबाईंचा धाकटा भाऊ मानाजी. धारला त्याचं स्टोव्ह-कंदिलांचं दुकान होतं. वयानं खंडोजींपेक्षा आठ वर्षांनी लहान, पण जगातली एक वस्तू त्याला कधी सरळ दिसली नव्हती. खंडोजींच्या लग्नात मांडवाचा खांब वाकडा आहे म्हणून यानं तो हलवून दाखवला, आणि मांडव मुंडावळ्यांसकट खंडोजींच्या डोक्यावर आणला. त्याच मानाजीचं पत्र महिन्यापूर्वी आलं होतं. 'दाजी, लाजू नका. माझ्या दुकानात एक स्टूल रिकामं आहे.'

स्टूल! खुर्चीसुद्धा नाही! खंडोजींनी ते पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा त्यांचे कान तापले. मेहुण्याच्या दुकानात स्टुलावर बसून, "दाजी, ही वात वाकडी लागली हो," असं रोज ऐकायचं? त्यापेक्षा नारायणराव परवडला, असं म्हणून ते कारखान्यात शिकायला गेले. शनिवारी परीक्षा होती. पास झालं तर वेल्डर म्हणून कायमची नोकरी, नापास झालं तर धारची बस.

नारायणराव हे इंदूरचे इंजिनियर, तिशीचे, बोलायला गोड आणि काम घ्यायला कठोर. कारखान्यात हाटपिपल्याकडचं सगळं दूध यायचं होतं आणि ते स्टेनलेसच्या पातळ नळ्यांतून फिरायचं होतं. त्या नळ्या जोडायला परदेशातून एक यंत्र आलं होतं. एका हातात टंगस्टनची सुई बसवलेली मूठ, दुसऱ्या हातात भरायची तार, पायाखाली वीज कमीजास्त करायचं पेडल आणि तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. सुईभोवती आर्गन नावाचा ग्यास सुटायचा. सुई नळीला टेकवायची नाही, पण दूरही न्यायची नाही.

"म्हणजे नेमकं कुठं धरायची?" खंडोजींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"टेकेल टेकेल असं वाटतं ना, तिथं."

हे काय शिकवणं झालं? खंडोजींच्या हाताला जुनी सवय, जोड आधी सावकाश शेकायचा. त्यांनी शेकला, आणि नळीला चवलीएवढं भोक पडलं. दुसऱ्या नळीला पावलीएवढं पडलं. तिसऱ्या वेळी सुईच वितळलेल्या पोलादात बुडाली. पण आठवड्याभरात हात बसला. बाहेरून जोड असा येऊ लागला की बघत राहावं, एकावर एक सारखी वळी, रंग पिकल्या गव्हासारखा. खंडोजी मिशीवरून हात फिरवत उभे राहिले, आणि तेव्हा नारायणरावांनी करवत काढली.

आतून जोड करपला होता. काळा, खडबडीत, कढईला पाक जळून चिकटावा तसा.

"नळीच्या पोटातही आर्गन भरायला हवा, खंडोजीराव. दोन्ही तोंडं बंद करा, बारीक भोक ठेवा, आत ग्यास सोडा. आतली हवा गेली नाही तर मागून जळणारच. अशा खडबडीत जागी दूध अडकतं, कुजतं."

"साहेब, मुंबईहून येणारा ग्यास नळीच्या पोटात ओतायचा? नळीला काय दमा झालाय?"

"नियम आहे."

नियम! खंडोजींनी मान हलवली आणि नारायणरावांची पाठ वळताच आतला ग्यास बंद केला. सबंध आठवडा हेच चाललं. बुधवारी नारायणराव म्हणाले, "सरावाचे तुकडे संपले. एकच नळी उरली आहे, ती शनिवारच्या परीक्षेला." म्हणजे बघा! पोहायला शिक म्हणायचं आणि विहिरीला कुलूप लावायचं!

त्याच संध्याकाळी राजाबाई ट्रंक उघडून बसल्या होत्या. ट्रंकेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेले स्टेनलेसचे सहा पेले होते. मानाजी दर भाऊबिजेला ओवाळणीत एक पेला घालायचा, आणि आधीचे सगळे मागवून कुठं पोचा आलाय का ते बघायचा. म्हणून राजाबाई ते कधी वापरत नसत, फक्त पुसून परत ठेवत. खंडोजींनी एक पेला सहज उचलला. पातळ. सरळ. तोंडापासून बुडापर्यंत एकाच मापाचा. बूड कापलं की नळीच!

"काय बघताय एवढं?"

"काही नाही. छान आहेत."

"लग्नाला एकवीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझ्या माहेरचं काही छान दिसलं तुम्हांला," राजाबाई म्हणाल्या, आणि खूश होऊन त्यांनी खंडोजींना आणखी एक भाकरी वाढली.

भाऊबिजेला अजून सहा महिने होते. नोकरी लागली की सहा नवे आणून ठेवू, कुणाला कळतंय, असा खंडोजींचा हिशेब. गुरुवारी थैलीतून दोन पेले कारखान्यात गेले. बुडं कापली, जोड लावला, आत बघितलं तर काळा. दोन गेलेच आहेत, मग तिसरा कशाला ठेवायचा? तोही काळा. चौथाही काळा. शुक्रवारी पाचवा पेला हातात घेतला आणि खंडोजींचा धीर सुटला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी दोन्ही तोंडं कापडानं बंद केली आणि आत ग्यास सोडला.

जोड आतून चांदीसारखा पांढरा आला.

आनंद व्हायला हवा होता की नाही? पण खंडोजींना असला राग आला म्हणता! म्हणजे तो पोरगेला इंजिनियर आठवडाभर खरं बोलत होता! मग ओरडून का नाही सांगितलं त्यानं? असं गोड बोलून सांगितलं तर कोण ऐकणार? त्याच रागात त्यांनी सहावा पेला जोडला, आणि तोही पांढरा आला. बाकावर आता सव्वादोन फुटांची एक नळी तयार होती.

शनिवारी सकाळी खंडोजी डोक्याला फेटा बांधत होते, तेवढ्यात दारात आवाज आला, "आक्का, ही पायरी वाकडी आहे गं."

मानाजी! पहिल्या बसनं निघून इंदूरमार्गे थेट दारात.

"आक्कानं कळवलं होतं, आज परीक्षा ना, दाजी? म्हटलं, संध्याकाळच्या बसनं तुम्हांला बरोबरच घेऊन जावं. स्टुलाला नवी गादी लावलीय."

"अजून परीक्षा व्हायचीय!" खंडोजी गरजले.

"होऊ द्या ना यार, मी कुठं नाही म्हणतो? आक्का, पाणी दे. माझ्या पेल्यातून दे."

राजाबाई आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मग नुसतं लुगडं झटकल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही, आणि खंडोजींनी गुपचूप जोडे घातले.

"अहो! पेले कुठायत?"

"कारखान्यात आहेत."

"कारखान्यात? दूध अजून आलं नाही आणि पेले आधीच नेलेत?"

"सुरक्षित आहेत गं! एका जागी आहेत सगळे. अगदी एका जागी."

"मग चला, बघूच," मानाजी उठला. "पोचेबिचे आले असतील तर आत्ताच कळेल."

अशी वरात कारखान्यात पोचली. पुढे खंडोजी, मागे मानाजी, त्याच्यामागे पदर खोचून राजाबाई. फाटकावरचा चौकीदार म्हणाला, "भिया, परीक्षा है के बारात?" खंडोजी फेटा सावरत आत शिरले.

बाकावरची नळी आधी राजाबाईंनी बघितली. ती नुसती नळी असती तर निभावलं असतं. पण प्रत्येक पेल्यावर मानाजीनं ठोके मारून नाव घालून घेतलं होतं, हे खंडोजींच्या ध्यानातच आलं नव्हतं. सहा वेळा एकाखाली एक, 'ती. सौ. राजाबाईस मानाजीकडून.'

"माझे पेले!" राजाबाईंनी तोंडाला पदर लावला. "सहा वर्षं पोचा येऊ दिला नाही मी! आणि तुम्ही बुडं कापलीत?"

"नोकरी कुणासाठी करतोय मी? तुझ्या भावाच्या स्टुलावर जाऊन बसू का?"

मानाजीनं नळी उचलली, खिशातून बॅटरी काढली, एक डोळा मिटला आणि दुसरा नळीला लावला.

"पहिला जोड करपलाय," तो म्हणाला. "दुसरा त्याहून करपलाय. तिसराही करपलाय, वर डाव्या अंगाला वळ चढलाय. चौथा बरा आहे, पण शेवटाला खळगा आहे. पाचवा ठीक. दाजी, पेले कापले ते कापले, जोड तरी नीट लावायचे!"

नारायणराव हे सगळं दारातून बघत होते. ते पुढे आले, त्यांनी मानाजीच्या हातून नळी घेतली, आत बघितलं आणि मान डोलावली. मग खंडोजींना म्हणाले, "चला, परीक्षा."

खंडोजींनी मुखवटा ओढला. परीक्षेच्या नळीची तोंडं बंद केली, आत ग्यास भरला, पायानं पेडल दाबलं. सगळ्यांनी माना फिरवल्या. स्टूल आठवत त्यांनी सुई टेकेल टेकेल अशी धरून नळीभोवती फिरवली. जोड पुरा झाला. नारायणरावांनी बाहेरून बघितला, बॅटरीनं आतून बघितला आणि ते हसले.

"वा! खंडोजीराव, पास."

राजाबाई पेले विसरल्या. खंडोजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता या जन्मात धारला जायचं नाही!

"थांबा," मानाजी म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस!" खंडोजी ओरडले.

"जोड जिथं संपवलाय तिथं टिपका आहे. मोहरीच्या निम्मा. हात घाईनं उचललात, दाजी."

"कुठंय? काही नाही! साहेब, हा मांडवाचे खांब हलवणारा माणूस आहे, याचं ऐकू नका!"

नारायणरावांनी पुन्हा बघितलं. दिसलं नाही. त्यांनी एक तोंड बंद करून नळीत दाबानं पाणी भरलं. क्षणभर काही झालं नाही. मग नेमक्या त्या जागी पाण्याचा एक इवलासा थेंब फुगून वर आला.

नारायणराव थेंबाकडे बघत राहिले, मग मानाजीकडे.

"मानाजीराव, तुम्ही काय करता?"

"स्टोव्ह-कंदील. धारला."

"इथं या. नळ्यांचे दोन हजार जोड व्हायचे आहेत आणि प्रत्येक जोड तपासून सही करणारा माणूस मला तीन महिने मिळत नाहीये. जोड लावणारा शिकवून तयार करता येतो हो. असा डोळा कुठून आणू? उद्यापासून तपासनीस म्हणून रुजू व्हा."

"राहायचं कुठं?" मानाजीनं विचारलं.

"म्हणजे काय? माझं घर आहे ना!" राजाबाईंचा चेहरा उजळला. पेल्यांचं दुःख कुठल्या कुठं गेलं.

खंडोजींच्या कानात काहीतरी वाजायला लागलं. दोन हजार जोड. प्रत्येक जोडावर मानाजीचा डोळा. दिवसभर कारखान्यात मानाजी, आणि संध्याकाळी घरी ताटाला ताट लावून मानाजी. धारच्या दुकानातून निदान कंटाळून देवासला पळून तरी येता आलं असतं!

"साहेब," ते हात जोडून म्हणाले, "टिपका आहे. माझी चूक आहे. मला नापास करा."

"ते आता माझ्या हातात नाही, खंडोजीराव," नारायणराव टोपी घालत म्हणाले. "मानाजीरावांना विचारा."

मानाजीनं बॅटरी पुसली आणि बाकाजवळ पडलेली एकुलती एक खुर्ची ओढून तो तीवर बसला.

"टिपका भरून घ्या, दाजी. मग पास करतो."