उपाशी ड्रम

मी शिकवते त्या कोलकात्यातल्या डमडमच्या सरकारी शाळेला खताचं वेड मी लावलं, हे आधीच सांगून ठेवते! दुपारच्या खिचडीच्या दोन बादल्या रोज उकिरड्यावर जायच्या. बडदी म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांना मी छातीठोकपणे म्हटलं, "महिन्याभरात खत करून दाखवते. बघायला शिक्षण खात्याच्या मोठ्या साहेबांना बोलवाच!"

त्यांनी खरंच बोलावलं!

मी ड्रम आणला, सुका पाला भरला, गांडुळं सोडली आणि तो नेमका स्वयंपाकघराच्या दारात ठेवला. मुलं ताटातलं उरलेलं त्यात ओतू लागली. चुलीपाशी झर्णादीचा चेहरा पडला. शाळेचा स्वयंपाक तिचा. आम्हा बाईंना ती दीदीमणि म्हणते.

"दीदीमणि, म्हणजे माझी खिचडी किड्यांच्याच लायकीची?"

"तसं नाही गं, झर्णादी!"

पण ती इरेला पेटली. दुसऱ्या दिवसापासून खिचडीत भाजलेली मूगडाळ, आलं, तेजपान! शिवाय दुधीची सालं, फ्लॉवरचे देठ, जे हाताला लागेल त्याची लाबडा भाजी! मुलांनी ताटं चाटूनपुसून साफ केली. ड्रमात शीत नाही की साल नाही.

मग मी घरूनच सालं आणू लागले. भरल्या मेट्रोत माझ्याभोवती ऐसपैस जागा! शेवटी एकदा तपासणीला पिशवी उघडावी लागली आणि तीही वाट बंद झाली.

साहेब येण्याच्या दिवशी मी पाचवीतल्या तुलिकाशेजारी उकिडवी बसले.

"तुली, दोन घास टाक ना. माझ्यासाठी!"

"छे! मी तर परत वाढून घेतलंय."

"मॅडम," मागून आवाज आला, "मुलांना अन्न टाकायला शिकवता?"

साहेब! मी धडपडत उठले. त्यांनी ड्रमात डोकावून पाहिलं, मग लखलखीत ताटं पाहिली.

"काहीच वाया जात नाही? अहो, हेच तर हवंय!"

ते स्वतः पंगतीत बसले आणि दोनदा वाढून घेतलं. झर्णादीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगते, माझ्याही!

"आता फोटोपुरतं तरी ड्रमात काही टाका," साहेब म्हणाले.

शाळाभर शोधाशोध! उष्टं सापडलं ते एकाच डब्यात. कारल्याची भाजी, अर्धीअधिक उरलेली. डबा माझा, आणि भाजी माझ्या नवऱ्याने, चारुदत्तने, पहाटे उठून केलेली!

झर्णादीने ती स्वतः ड्रमात ओतली. "दीदीमणि, उद्यापासून तुम्हीही पंगतीत बसा."

फोटो झकास आलाय. चारुदत्तने अजून पाहिलेला नाही. तुम्हीही बोलू नका!