साहेबांना उकडू देऊ नका

लेखी सूचना तंतोतंत पाळावी तर मीच! ऑफिसात तशी माझी ख्यातीच आहे. आणि त्या दिवशी तर जिवावरचा प्रसंग होता. माझी बदली झाली होती, चौदा तासांच्या प्रवासावरच्या शाखेत! ती रद्द करण्याच्या अर्जावर साहेब सही करणार होते. रजेवर जाता जाता, चार वाजता, खुद्द आमच्या घरी थांबून!

दुपारी घरी आलो. बायको कामावर गेलेली, पण फ्रिजवर तिची चिठ्ठी:

‘साहेब चारला येतील. मागच्या खोलीत अंधार करून बसवा. एसी फुल. उकडलं की त्यांना धड दिसत नाही. अंगावर ओलं फडकं टाका. खाणं फ्रिजमधल्या डबीत आहे. समोर हलवत धरा, तरच घेतात.’

हिला साहेबांची एवढी खडान्‌खडा माहिती कुठून? पण बायका-बायकांत फोनवर काय काय बोलणं होतं, ते आपल्याला थोडंच कळतं! मी पडदे ओढले, बल्ब काढला आणि फडकं भिजवलं.

साहेब आले.

‘‘दिवे गेलेत का हो?’’

‘‘नाही साहेब, तुमच्यासाठी मुद्दाम काढलेत!’’

‘‘अहो, थंडी वाजतेय मला!’’

‘‘वाजू द्या! नजरेला बरं!’’ म्हणत मी फडकं टाकलं. अंधारात ते डोक्यावर पडलं.

साहेब चार वेळा शिंकले. मी चटकन डबी उघडून त्यांच्या नाकासमोर हलवू लागलो.

‘‘काय आहे हे?’’

‘‘तुमचं नेहमीचं!’’

साहेबांनी डबीत बोटं घातली आणि असे किंचाळले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

‘‘वळवळतंय हे! आणा तो अर्ज! सही करतो आणि सुटतो एकदाचा!’’

अंधारातच सही झाली. अर्ज माझ्या अंगावर भिरकावून साहेब धडपडत दाराशी पोचले. दारात माझा मेहुणा, हातात जाळीचा खोका.

‘‘दाजी, साहेबांना आणलंय!’’

खोक्यात मुठीएवढा बेडूक! मेहुणा बेडकांच्या नजरेवर संशोधन करतो.

‘‘आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात ज्येष्ठ, म्हणून साहेब! गार ठेवलं की अंधुक उजेडातही अळी अचूक टिपतात. तिथला एसी बिघडलाय आणि उद्या चाचणी आहे त्यांची.’’

डोक्यावर ओलं फडकं घेतलेल्या साहेबांनी हे सगळं ऐकलं. फडकं माझ्या हातात कोंबून ते तडक निघून गेले.

मी बायकोला फोन लावला. ‘‘बेडूक येणार हे सांगता येत नव्हतं?’’

‘‘सकाळीच सांगितलं की! तुम्ही पेपरातून ‘हं’ म्हणालात. आणि तुमचे साहेब येणार हे मला कुणी सांगितलं?’’

मी फोन ठेवला आणि उजेडात अर्ज उघडला. ‘मंजूर / नामंजूर. नको असेल ते खोडा.’ खाली झोकदार सही. खोडलं होतं ‘मंजूर’! अंधारात चुकून खोडलं की संतापून, हे विचारायची माझी छाती नाही.

तेवढ्यात मागच्या खोलीतून मेहुणा आनंदानं ओरडला, ‘‘दाजी, पहिल्याच झेपेत अळी टिपली! काय फर्स्टक्लास खोली तयार केलीत हो! साहेबांना आठवडाभर इथंच ठेवू का?’’

‘‘वर्षभर ठेव,’’ मी म्हटलं. ‘‘मी कुठं असणार आहे इथं!’’